हद्दवाढ भागातली शेती निदान फोटोत तरी राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९९२ मध्ये सोलापूर शहराची हद्दवाढ झाली आणि शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही गावे महापालिकेत आली. तेव्हापासून त्यांचे शिवार एकरा-एकराने प्लॉटिंगमध्ये गेले. माणसांना घरे हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शिवाराच्या ज्या खुणा अजून शिल्लक आहेत, त्या कुणी टिपून ठेवत नाही, हे मनाला लागते. गिरण्यांच्या चिमण्या, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव यांचे फोटो हवे तेवढे मिळतील. पण मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण आपल्या मोहोळचे, कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासूनचे, आणि शहराला लागून असलेल्या ज्वारीच्या रानांचे फोटो मात्र शोधूनही सापडत नाहीत.

मी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन या भागात फिरतो. नजर बसली की बरेच दिसू लागते. कॉलनीतला सरळ रस्ता मध्येच वाकतो, तिथे बहुधा जुना बांध नाही तर गाडीवाट असते. कडेला बांधावरची बाभूळ तग धरून असते.

विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका सोसायटीमागे मोटेची, म्हणजे बैलांकरवी पाणी ओढायची, विहीर आहे. कचऱ्याने निम्मी बुजली आहे, पण मोटेचे पाणी जिथे ओतले जाई त्या थारोळ्याचा दगड शाबूत आहे. दोर घासून त्याच्या काठाला खाचा पडल्या आहेत, बोट घातले तर पेरभर आत जाते. भर दुपारी फोटो काढला तर तो दगड नुसता सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक खाच वेगळी उमटते. मागे बैलांची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल चालत तो उतार, आहे आणि त्या उतारावरून आता पोरे सायकली सोडतात. तो फोटो मी पोरांसकट काढला, कारण धाव किती लांब आणि किती उताराची होती ते त्यांच्यामुळेच कळते.

सर्वांत आधी टिपायला हवेत ते वेळ अमावस्येला शेतात पुजले जाणारे पांडव. चुना आणि काव लावलेले पाच दगड कुठे मोकळ्या प्लॉटात, कुठे कंपाउंडच्या भिंतीला टेकून उरले आहेत. जमीन विकून गेलेली काही घरे अजूनही त्या दिवशी भज्जी, उंडे आणि आंबिलाचा बिंदगा घेऊन तिथे येतात. पण प्लॉटवर पाया खणायला जेसीबी आला की ते पाच दगड आणि इतर दगड यांत फरक कोण करणार?

नुसता फोटो पुरत नाही. सातबाऱ्यावर गट नंबराबरोबर शेताचे स्थानिक नाव लिहायची सोय असते. ते नाव, गट नंबर आणि फोटो कोणत्या दिशेला तोंड करून काढला, एवढे प्रत्येक फोटोसोबत लिहायलाच हवे. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद सुरू ठेवावी आणि मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की ती नोंद निघून जाते आणि वीस वर्षांनी ही विहीर कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या दैनिकाने आठवड्याला एक जागा द्यावी आणि वाचकांकडून असे फोटो मागवावेत, ही विनंती. माझ्याकडचे फोटो मी विनामोबदला देईन. आवाहन मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या आधी छापले तर फार बरे होईल. एरवी विखुरलेली जुनी कुटुंबे त्या दिवशी पांडवांपाशी भेटतात. रानाचे नाव काय, विहीर कुणी खणली, मोट कधी थांबली, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच दिवशी विचारता येते.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर