'एकास दहा' म्हणजे हातात किती? क्रॅप्सच्या लेखातल्या चौकोनाबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्रॅप्स या फाशांच्या खेळावर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. लेख चांगलाय, लिहिणाऱ्याला खेळ माहितीये हे कळतं, पण त्यात प्रोपोझिशन बेट्सचा म्हणजे टेबलाच्या मधोमध लावतात त्या पैजांचा जो चौकोन छापलाय त्यातली एक गोष्ट तशीच राहिली तर वाचणाऱ्याचं नुकसान होईल, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. चौकोनात 'हार्ड आठ – एकास दहा', 'हार्ड चार – एकास आठ' (हार्ड म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा येऊन झालेला) आणि खाली 'दोन किंवा बारा – एकास तीस' असं दिलंय. यातल्या पहिल्या दोन आकड्यांत आपण लावलेला डॉलर आतच धरलेला आहे आणि तिसऱ्यात काही टेबलांवर धरलेला असतो, काहींवर नसतो. शब्द एकच, हिशोब दोन.

घरात कुणालाही विचारून बघा, 'एकास दहा' म्हणजे हातात किती येणार. कुणी म्हणेल दहा जिंकले आणि आपला एक परत आला म्हणजे अकरा, कुणी म्हणेल एक दिला, दहा घेतले, संपलं. दोघांनाही चूक म्हणता येत नाही कारण आपल्या शब्दात ते सांगितलेलंच नाहीये. क्रॅप्सच्या टेबलावर मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, 'टेन टू वन' आणि 'टेन फॉर वन'. टू असेल तर दहा जिंकले आणि लावलेला एक आपलाच राहिला, हातात अकरा. फॉर असेल तर लावलेला धरून एकूण दहा, म्हणजे खरी कमाई नऊ. अडीच अक्षरांचा फरक आहे पण सगळा खेळ तिथेच आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि ते का ते जरा सविस्तर सांगतो.

आधी खरा भाव, म्हणजे जिंकायच्या एका दानामागे हरायची किती दानं आहेत ते, काढायला शिकू, अवघड नाहीये. एक फासा लाल आणि एक पांढरा आहे असं डोळ्यासमोर आणा. लालची सहा तोंडं, पांढऱ्याची सहा, एकूण ३६ दानं, आणि फासे सरळ असतील तर प्रत्येक दान सारखंच शक्य. सात हा आकडा ६ दानांत येतो, सहा आणि आठ ५-५ दानांत, पाच आणि नऊ ४-४, चार आणि दहा ३-३, तीन आणि अकरा २-२, दोन आणि बारा फक्त १-१. एवढं कागदावर मांडलं की टेबलावरच्या कुठल्याही पैजेचा खरा भाव आपला आपल्याला काढता येतो.

आता हार्ड आठ. म्हणजे दोन्ही फाशांवर चार-चार येऊन झालेला आठ. ही पैज लावली की ती एका दानात संपेलच असं नाही, ती थांबून राहते, चार-चार पडलं तर जिंकलो, आणि सात पडला किंवा आठच पण दुसऱ्या प्रकारे पडला (दोन-सहा, तीन-पाच) तर हरलो, बाकी काहीही पडलं तरी पैज जागच्या जागी. जिंकायचं दान १. हरायची दानं, सातची ६ आणि सोप्या आठची ४, म्हणजे १०. खरा भाव दहाला एक. मग बऱ्याच टेबलांच्या कापडावर चार-चारच्या फाशांचं चित्र असतं आणि शेजारी काय लिहिलेलं असतं, तर '१० फॉर १'. बघा हं. खरा भाव १० आणि छापलेला आकडाही १०, ज्याने कष्ट करून दानं मोजली त्याला वाटतं की इथे तर कॅसिनो काहीच घेत नाहीये, आणि प्रत्यक्षात मिळतात ९. हार्ड चारचंही (दोन-दोन) तसंच, खरा भाव ८, छापलेला '८ फॉर १', मिळतात ७. मोजता न येणाऱ्याला आकडा मोठा दिसतो म्हणून भुरळ पडते आणि मोजता येणाऱ्याला आकडा जुळतो म्हणून विश्वास बसतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझा भाचा अमेरिकेत शिकतो, पोरगा गणितात चांगला, सुट्टीत मित्रांबरोबर लास वेगासला गेला होता आणि जायच्या आधी विमानात बसून त्याने हीच ३६ दानं वहीत मांडली होती. टेबलावर गेल्यावर त्याला हार्ड आठचा १० जुळलेला दिसला आणि तो रात्रभर त्याच पैजेवर ५-५ डॉलर लावत बसला. एकदा चार-चार पडलं. त्याच्या हिशोबाने ५० जिंकायला हवे होते आणि वर लावलेले ५. डीलरने ४५ च्या चिप्स सरकवल्या आणि ५ ची चिप मधेच राहिली. त्याला वाटलं मोजणीत चूक झाली, त्याने विचारलं, तर अगदी नम्रपणे कापडावरच्या 'फॉर' या शब्दावर बोट ठेवून दाखवलं गेलं. तो मला फोनवर म्हणाला, "मामा, मी दानं बरोबर मोजली होती रे, शब्द वाचलाच नाही." त्या रात्री तो एकूण बरेच पैसे हरला, अर्थात एका रात्रीचं हरणं हे बरंचसं नशिबाचंही असतं आणि सगळा दोष मी त्या शब्दावर टाकत नाही. पण ज्याने एवढा अभ्यास केला त्यालाही तो शब्द दिसला नाही ही गोष्ट मला तेव्हापासून टोचतेय, आणि आता तोच घोळ आपल्या पेपरात मराठीत छापून आला.

हार्ड आठवर कॅसिनोचा वाटा, ज्याला तिकडे हाउस एज म्हणतात, तो ९.०९ टक्के बसतो. कसा? पैजेचा निकाल लागायच्या ११ वाटा धरा, १ वेळा ९ मिळाले, १० वेळा १-१ गेला, अकरांत एक डॉलर गेला. हार्ड चारवर ११.११ टक्के. आणि चौकोनातली तिसरी ओळ, दोन किंवा बारा, तिथे खरा भाव ३५, '३० टू १' दिले तर वाटा १३.८९ टक्के आणि '३० फॉर १' दिले म्हणजे खरे २९, तर तो १६.६७ टक्के होतो. म्हणजे नुसता 'एकास तीस' वाचून वाचकाला कळणारच नाही की आपण दोन्हींपैकी नेमक्या कुठल्या टेबलावर उभे आहोत.

१६.६७ वरून 'एनी सेव्हन'ची आठवण होते, लेखात ती 'नवख्यांसाठी सोपी पैज' म्हटलीये आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. पुढचंच दान सात पडेल अशी ही पैज. सात सगळ्यात जास्त वेळा पडतो हे खरंच आहे, ३६ पैकी ६ वेळा, आणि म्हणूनच नवखा माणूस तिथे चिप ठेवतो. पण खरा भाव ५ ला १ आणि देतात ४ ला १. छत्तीस वेळा १-१ डॉलर लावला तर सरासरीने ६ वेळा ४-४ मिळून २४ आले, ३० वेळा १-१ गेला, ६ डॉलर खिशातून गेले. टेबलावर नेहमी दिसणाऱ्या पैजांमधे सगळ्यात वाईट ज्या, त्यातली एक सगळ्यात जास्त पडणाऱ्या आकड्यावर आहे. किती वेळा पडतो हा अर्धा प्रश्न झाला, पडला की किती देतात हा उरलेला अर्धा.

बाकीच्या पटकन सांगतो. अकरावरची 'यो' (इलेव्हन आणि सेव्हन गोंगाटात सारखं ऐकू येतं म्हणून यो म्हणतात) खरा भाव १७, देतात १५. दोन, तीन किंवा बारा यापैकी काहीही पडेल ही 'एनी क्रॅप्स', खरा ८, देतात ७. दोघींवर ११.११ टक्के. 'हॉर्न' म्हणजे दोन, तीन, अकरा, बारा चारहींवर एकदम, चांगल्या भावाने दिली तरी १२.५ टक्के. आता याच टेबलाच्या कडेला जी साधी पास लाइन आहे (पहिल्या दानाला सात-अकरा पडला तर जिंकलो, दोन-तीन-बारा पडला तर हरलो, दुसरा आकडा पडला तर तो 'पॉइंट' ठरतो आणि सातच्या आधी तो पुन्हा पडला तर जिंकलो) तिथला वाटा आहे १.४१ टक्के. दोन वेगळे खेळ आहेत हे जवळजवळ, टेबल एक असलं तरी.

आणि अजून एक फरक टक्क्यांत दिसत नाही. पास लाइनचा निकाल लागायला सरासरी ३.३८ दानं लागतात, 'एनी सेव्हन'चा प्रत्येक दानाला लागतो. म्हणजे दर दानामागे बघितलं तर पास लाइनवर कॅसिनो साधारण ०.४२ टक्के घेतो आणि इथे १६.६७, सुमारे ४० पट. स्टिकमन हातातल्या लांब काठीने फासे ओढून घेतो आणि पुढच्या दानाच्या आधी याच मधल्या पैजा ओरडून पुकारत राहतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे, पास लाइनच्या नावाने तसा पुकारा होत नाही.

लेखातला 'इन्शुरन्स'चा सल्लाही जरा बघा. पास लाइनवर १० डॉलर लावा आणि पहिल्याच दानाला क्रॅप्स (दोन, तीन किंवा बारा) पडून हरायला नको म्हणून १ डॉलर 'एनी क्रॅप्स'वर टाका, असं त्यात आहे. १० डॉलरच्या पास लाइनची सरासरी किंमत १४ सेंट. त्या १ डॉलरच्या इन्शुरन्सची ११ सेंट. एकूण १४ चे २५ सेंट झाले. एका वेळचं हरणं हलकं वाटतं हे मान्य, पण संरक्षण म्हणून घेतलेली वस्तू जवळजवळ मूळ वस्तूइतकीच महाग पडतेय हे त्या सल्ल्याशेजारी लिहायला हवं होतं.

'बरेच वेळ बारा पडला नाही म्हणजे आता पडेल' या समजुतीवर लेखात काही नाही, खरं तर या मधल्या पैजा लावणाऱ्यांत ती फार पसरलेली आहे. ३६ दानांत एकदा तरी बारा पडायची शक्यता साधारण ६४ टक्केच आहे, म्हणजे दर तीन वेळांत एकदापेक्षा जास्त वेळा ३६ च्या ३६ दानं बाराशिवाय जातात. सतराव्या शतकात फ्रान्समधे द मेरे नावाच्या हौशी खेळाडूला याच दोन छक्क्यांनी छळलं होतं, २४ दानांत एकदा तरी दोन छक्के पडतील ही पैज फायद्याची असायला हवी असा त्याचा हिशोब होता आणि ती निघते ४९.१४ टक्के, निम्म्याला जेमतेम कमी, २५ दानं घेतली असती तर निम्म्याच्या वर गेली असती. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा १६५४ चा पत्रव्यवहार त्याच्याच प्रश्नांमुळे सुरू झाला आणि शक्यतेचं गणित त्यातून उभं राहिलं. उलट टोकाचंही घडतं, २००९ साली अटलांटिक सिटीत एका बाईंनी १५४ दानं टाकेपर्यंत सेव्हन आउट (पॉइंट पुन्हा पडायच्या आधी सात पडून फासे हातातून जाणं) होऊ दिलं नव्हतं, चार तासांच्या वर फासे त्यांच्याच हातात होते. फाशांना मागचं काही आठवत नसतं एवढाच याचा अर्थ.

एक गोष्ट लेखात पूर्णच राहिलीये आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. क्रॅप्समधे एक पैज अशी आहे की तिच्यावर कॅसिनो काहीच घेत नाही. पास लाइन लावून पॉइंट ठरला की त्या चिपच्या मागे जास्तीचे पैसे ठेवता येतात, त्याला नुसतं 'ऑड्स' म्हणतात, आणि ते खऱ्या भावानेच मिळतात, चार-दहावर २ ला १, पाच-नऊवर ३ ला २, सहा-आठवर ६ ला ५. वाटा शून्य. (आधी पास लाइन लावावीच लागते आणि तिचे १.४१ टक्के चुकत नाहीत, जास्त पैसे लावले की चढउतारही मोठे होतात, हेही सांगायला हवं.) आणि गंमत नाही, खरं सांगतोय, या पैजेसाठी टेबलाच्या कापडावर सहसा चौकटच नसते, नावही नसतं, माहीत असेल त्यानेच ठेवायची. फाशांची चित्रं आणि मोठे आकडे छापलेले असतात ते सगळे मधल्या भागात, जिथे वाटा ९ पासून १६ टक्क्यांच्या वर जातो.

म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. तो चौकोन दुरुस्त करून पुन्हा छापा, आणि त्यात 'एकास अमुक' हा शब्दप्रयोग काढून दोन रकाने करा, एकात खरा भाव आणि दुसऱ्यात 'लावलेला डॉलर सोडून निव्वळ किती मिळतात' तो आकडा. हार्ड आठ १० आणि ९. हार्ड चार ८ आणि ७. बारा ३५ आणि ३०, किंवा जिथे 'फॉर' लिहिलंय तिथे २९. एनी सेव्हन ५ आणि ४. एवढी जागा पुरवणीत नक्की निघेल. भाच्याला मी मूळ लेखाचा फोटो पाठवला होता, त्याने हार्ड आठच्या ओळीवर लाल गोल करून परत पाठवलाय, हवा असेल तर पत्रासोबत जोडून देतो.

आपला,
एक नियमित वाचक