आप्पा, ऊस मागनं जाईल

पुणे, ४ जानेवारी

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच मोठ्यानं वाच. आप्पांना आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलंय. फोनवर तुम्ही दोघंही एकमेकांना चोरून बोलता. तू परसात जाऊन विचारतेस, 'खरं सांग बाई, किती दिवस हायत?' आणि आप्पा गोठ्याकडं येऊन बसक्या आवाजात विचारतात, 'आईला नाव सांगितलं न्हाईस न्हवं?' म्हणून नाव आधीच लिहिते. स्वरयंत्राचा कॅन्सर. पहिला टप्पा. आता दोघांनी ते एकत्र ऐकलं.

काल दादाचा फोन आला होता. आप्पा म्हणतायत, ऊस कारखान्याला गेला की बघू. तोड फेब्रुवारीत येणार म्हणतात, म्हणजे मार्च उजाडेल हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हापासून मला झोप नाही. म्हणून जे कळलंय ते सगळं लिहिते आहे.

बेळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर पेननं चित्र काढून दाखवलं होतं. मी त्यांना ते दोनदा काढायला लावलं, पहिल्यांदा डोळे भरून आल्यामुळं मला काही दिसलंच नाही. गळ्यावर हात फिरवला की जो घट्ट उंचवटा लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र असतं. खाली श्वासनळी, मागं अन्ननळी. घास गिळताना ते मिटतं, म्हणून अन्न श्वासात जात नाही. श्वास घेताना उघडतं. बोलताना आतले दोन तंतू जवळ येऊन थरथरतात, पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा. त्यांच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढं काही आलं तरी ते नीट जुळत नाहीत, मधून वारा निसटतो आणि आवाज घोगरा होतो. आप्पांच्या उजव्या तंतूवर, पुढच्या टोकाला, एवढंच आहे. तंतू अजून हलतोय. डॉक्टर हे तीनदा म्हणाले, कारण सगळा हिशेब त्यावरच आहे. तंतू हलायचा थांबला की तिसरा टप्पा. बाहेरची कूर्चा, म्हणजे गळ्याला लागतो तो मऊ हाडासारखा भाग, फोडून गाठ पलीकडं गेली की चौथा.

आप्पा, तुमच्या आवाजानंच आपल्याला वेळेवर हाक मारली. हाच आजार जिभेच्या मुळाशी किंवा गिळायच्या वाटेवर झाला असता तर बराच काळ कळलंही नसतं. घास अडकतो, कानात ठणकतं, मानेत गाठ लागते, तेव्हा माणूस जागा होतो. शिवाय या तंतूंमध्ये रसवाहिन्या, म्हणजे ज्यांतून आजार पुढं सरकतो त्या बारीक नळ्या, अगदी थोड्या, त्यामुळं सुरुवातीला इथला कॅन्सर मानेतल्या गाठींकडं सहसा जात नाही. आई, तुला आपल्या गल्लीतल्या त्या काकांची आठवण येते आणि तू घाबरतेस. त्यांनाही लोक 'घशाचा कॅन्सर' म्हणत होते, पण जागा वेगळी होती, टप्पा वेगळा होता. घसा हे एकच नाव असलं तरी आत चार-पाच वाड्या आहेत, आणि प्रत्येकीचा उपचार निराळा.

सुरी लागली की पसरतंय, असं काकू म्हणाल्या आणि त्यावरून आप्पांनी बायोप्सीला तीन आठवडे लावले. बायोप्सीत तपासायला काढतात त्या तुकड्यामुळं आजार पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि कुठल्या जातीचा, हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि त्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर किरण, म्हणजे रेडिएशन, देणार नाही. वेळ गेला तो त्याच्या आधी. गणपतीत आवाज बसला, आणि कार्तिकातल्या काकड्याला आप्पांचा पहिलाच अभंग मधे तुटला तरी आपण गोळ्या आणि काढेच घेत होतो. ज्या डॉक्टरकडं जात होतो त्यांनी औषधं तीनदा बदलली, पण दुर्बिणीनं बघून घ्या असं एकदाही म्हटलं नाही. मला त्याचा राग आहे. माझ्यावरही आहे, कारण मी रोज तो आवाज फोनवर ऐकत होते. विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर कानानाकघशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघायलाच हवं. भजनी मंडळातल्या सगळ्यांना हे सांगा.

आता उपचार. या टप्प्याला दोन वाटा आहेत, लेसरनं तेवढा भाग कापून काढणं किंवा किरण. दोन्हींनी दहातले नऊच्या आसपास लोक बरे होतात. आप्पांची गाठ दोन्ही तंतू पुढं जुळतात त्या कोपऱ्याला टेकली आहे. तिथं लेसर चालवणं अवघड आणि नंतर आवाजही जास्त बिघडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी किरण सुचवलेत. केमो नाही. डोक्याचे केस जाणार नाहीत. गळ्यावर किरण पडतील तेवढ्या जागेची दाढी मात्र गळेल.

येत्या सोमवारी मास्क करतील. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची चादर तोंडामानेवर दाबून बसवतात, ती थंड होऊन चेहऱ्याच्या आकाराची होते. रोज त्याच मास्कमध्ये झोपवतात, म्हणजे मान तसूभर हलत नाही आणि किरण नेमक्या जागी पडतात. श्वास घेता येतो, पण पहिल्या दिवशी जीव घाबरा होतो. डोळे मिटून हरिपाठ म्हणा, तोही मनात. मशीनवर काही मिनिटांचंच काम असतं. आई, तू आदमापूरहून आणून गळ्यात बांधलेला ताईत तेवढे दिवस दंडाला बांध. आणि किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

सोमवार ते शुक्रवार, एकूण २८ वेळा. साडेपाच आठवडे. यात खंड नको आप्पा, पत्रातलं सगळं विसरलात तरी एवढं ध्यानात ठेवा. थोडे थोडे किरण रोज देतात, कारण आपल्या चांगल्या पेशी रातोरात सावरतात आणि कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही. मधेच चार दिवस थांबलो की त्या उरलेल्या पेशी जोरानं वाढू लागतात. उपचार लांबेल तशी बरं होण्याची शक्यता दिवसाला साधारण एका टक्क्यानं घटते, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे तोड आली म्हणून आठवडाभर घरी आलात तर किती गेलं, ते तुम्हीच मांडा. तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलल्यासारखा होईल. आवाज सुधारायच्या आधी आणखी बिघडेल. त्यावेळी 'हे काय लागू पडेना' म्हणून सोडू नका, ती सूज असते, किरण संपल्यावर काही आठवड्यांत उतरते. आई, जेवणात मऊ भात, नाचण्याची आंबील, दूध, पातळ डाळ. ठेचा आणि कोल्हापुरी चटणी त्या दिवसांत नको. वजन उतरता कामा नये. गळ्याची कातडी काळवंडेल, तिला हळद, बाम, तेल काही लावू नको, डॉक्टर देतील तेच लावायचं. बोलायचं तर हळू आवाजात, पण कुजबुजायचं नाही, त्यानं तंतूंवर जास्त ताण येतो. पाटी-पेन्सिल मी आणते.

आणि विडी. हे लिहिताना हात थांबतो. आपलं घर तंबाखूनं उभं राहिलं. माझी फी वखारीचा पैसा आला की भरली जायची. चुरा करताना खकाणा उठायचा, मी शिंकत शिंकत अभ्यास करायचे. १९८१ साली निपाणीच्या हमरस्त्यावर शेतकरी तंबाखूच्या भावासाठी बसले, तेव्हा तुम्ही ऐन तेविशीत होता. शरद जोशींच्या सभेत घोषणा देऊन आवाज बसायचा, तो चार दिवसांत परत यायचा, असं तुम्हीच सांगता. यावेळी तसा येणार नाही, कारण चाळीस वर्षांच्या धुरानं ती जागा जाळली आहे. मी दोष देत नाही. रानात ज्यानं पिकवला त्याच्याच तोंडात तो गेला, आणि व्यापारी तेवढे लांब राहिले, याचं मला वाईट वाटतं. पण किरण चालू असताना ओढली तर किरणांचा गुण कमी येतो. म्हणून आज, हे पत्र ऐकून झाल्यावर, शेवटची ओढून घ्या असंही मी म्हणणार नाही. ओढूच नका. आई, तुझी मिश्रीही सुटली पाहिजे. एका घरात एकानं सोडून दुसऱ्यानं दातावर घासायची, हे चालणार नाही.

तू विचारलंस म्हणून एवढंच, 'गळ्याला भोक' पाडण्याचं. गाठ कूर्चा फोडून बाहेर गेली की बहुतेक वेळा पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं, मग श्वास मानेतल्या छिद्रातून. तिसऱ्या टप्प्यातसुद्धा आता बरेचदा औषध आणि किरण देऊन ते वाचवतात. अमेरिकेत ३३२ रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. आधी केमो आणि मग किरण दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र टिकलं, आणि जगण्यात ऑपरेशनवाल्यांपेक्षा ते मागं पडले नाहीत. ज्यांचं काढावंच लागतं त्यांनाही छोटी झडप बसवून बोलता येतं. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी तर गरिबांना परवडावी अशी पन्नासेक रुपयांची झडप तयार केली. आपल्याला त्यातलं काहीच लागू नये, म्हणून मार्चची वाट बघायची नाही.

पैशाची काळजी दादानं आणि मी वाटून घेतली आहे. आपलं रेशनकार्ड बीपीएलचं आहे, आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. त्यासाठी आधी निपाणीच्या सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. दादा शुक्रवारी तुम्हाला घेऊन जाईल, रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा कागद पिशवीत घालून ठेवा. तिथं कानडीत काही विचारलं तर दादा बोलेल. रोज निपाणी-बेळगाव पाऊणशे किलोमीटर जाऊन-येऊन अंग मोडेल, म्हणून बेळगावातच शहापूरच्या मावशीकडं राहायचं ठरवलंय. तिनं माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. शनिवार-रविवार घरी या, रान बघा, सोमवारी परत.

ऊस दादा घालवेल. तोड लांबली तर थोडं वजन घटेल, घटू दे.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते, रविवारी पहाटे स्टँडवर उतरेन. आप्पा, थंडीत घ्यायला येऊ नका, मी रिक्षानं येईन. तुम्हाला जे म्हणायचंय ते या पत्राच्या पाठीवर लिहून ठेवा. रविवारी चहाच्या वेळी आई मोठ्यानं वाचेल आणि मी ऐकेन.

तुमची,
ताई

ता. क. आई, देवळीत आरशामागं दोन बंडलं आहेत. आप्पांना वाटतं कुणाला माहीत नाही.