पॅकेज नको, आई-बाबा

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. '७२ चाचण्या, घरी येऊन रक्त नेऊ' ही जाहिरात बाबांनी मला पाठवली आणि विचारलं, दोघांचं करून घेऊ का? तपासणी करायचीच आहे. पण ते पॅकेज घेऊ नका.

गेल्या दिवाळीनंतरचं आठवा. अशाच पॅकेजमध्ये आईचं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारं रक्तातलं एक प्रथिन, आलं ४१, मर्यादा ३५ची. कुठल्याही डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली नव्हती. काही त्रास नसलेल्या बाईची ती सरसकट करायची नसते, कारण कर्करोग नसतानाही तो आकडा वर जातो. मग सोनोग्राफी झाली, पुन्हा रक्त दिलं, २९ आलं. पण मधल्या अकरा रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे तीनला उठून ती देवघरात बसायची, हे बाबा, तुम्ही मला नंतर सांगितलंत. मी रोज लॅबमध्ये हेच काम करते आणि माझ्याच आईवर ही वेळ आली, याचा राग अजून गेलेला नाही.

रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा अशी आखलेली असते की वीस निरोगी माणसांतला एक तिच्या बाहेर पडतोच. त्या हिशेबाने ७२ आकड्यांत तीन-चार ठळक अक्षरांत येणार, माणूस ठणठणीत असला तरी.

आणि उलटंही होतं, त्याचीच मला जास्त काळजी आहे. मागच्या खेपेला आले तेव्हा कपाटातल्या साडीच्या पिशवीतले सगळे जुने रिपोर्ट काढून मी तारखेने लावले. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, २०१९ला ०.९, २०२२ला १.१, २०२५ला १.२. मर्यादा १.३ची, त्यामुळे एकही आकडा ठळक छापलेला नाही आणि तुम्ही प्रत्येक वेळी "सगळं नॉर्मल" म्हणून रिपोर्ट घडी घालून ठेवलात. पण बाबांचं वय धरून हिशेब केला, तर किडनीचा गाळण्याचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तो ९७च्या आसपास होता, तो ६६वर आलाय. घाबरून जाण्यासारखं हे नाही, पण लक्ष ठेवण्यासारखं नक्की आहे. बारा वर्षांची शुगर आणि वर बीपी असलेल्या माणसाची दर वर्षी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी व्हायला हवी. किडनीला धक्का बसतोय हे ती तपासणी, क्रिएटिनिनने मर्यादा ओलांडण्याच्या कितीतरी आधी सांगू शकते. त्या ७२मध्ये ती नव्हती. मी यादी दोनदा वाचली.

म्हणून बाबांसाठी ती हवी, सकाळच्या पहिल्या लघवीची. सोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, कारण तुमची बीपीची टेल्मिसार्टन दोन्हींवर परिणाम करू शकते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर. तपासणीच्या आधी आठवडाभर तुम्ही भात सोडता आणि दोन फेऱ्या जास्त मारता, त्याने उपाशीपोटीची साखर छान येते, पण तांबड्या पेशी १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेली साखर आठवड्यात उतरत नाही. मला ती खरी साखर बघायची आहे, बाबा. शिवाय बी-१२ करा. तुमची शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, त्यात आपलं घर शाकाहारी, आणि तळपायाला मुंग्या येतात असं तुम्ही आषाढापासून म्हणताय. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा पुरे.

आईचं थोडक्यात आहे. थायरॉईडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिनसाठी सीबीसी, आणि आजीला शुगर होती म्हणून एचबीए१सी. आई, तू केसांसाठी ज्या गोळ्या घेतेस त्यात बायोटिन आहे. त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तीन दिवस आधी बंद ठेव.

ही यादी आपल्या डॉक्टरांना दाखवा, ते काही वाढवतील किंवा काढतील, ते चालेल. फक्त लॅब दर वेळी एकच ठेवा. मशीन आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो, मग खरंच काय वाढलं ते कळत नाही. घरून रक्त नेणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही, कारण ट्यूब दुपारपर्यंत डिकीत तापत राहिली तर पेशी फुटून पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. बाजारपेठेतली लॅब चालत दहा मिनिटांवर आहे.

आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा. बाबा, मागच्या वेळी तुम्ही संध्याकाळी सहापासून पाण्याचा थेंब घेतला नाहीत आणि मग शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचावं लागलं. दंडावरचा तो काळानिळा डाग मी व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. दहा-बारा तास उपाशी राहिलात की झालं, आणि साधं पाणी भरपूर प्या. आईची शीर डाव्या हाताला चांगली मिळते, तिथल्या मुलीला आधीच सांगा.

शनिवारी रात्रीच्या एसटीने मी येतेय. रविवारी सातला तिघं मिळून जाऊ. जुने रिपोर्ट वहीत उतरवून आणतेय, डाव्या पानावर बाबा, उजव्या पानावर आई, पुढचे रकाने मोकळे सोडलेत. आई, थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घे आणि मग अर्धा तास थांब. बाबांची शुगरची गोळी खाण्यासोबत. थालीपीठं मी पहाटे करीन, डबा तिथल्या बाकावर बसून उघडू.

तुमची,
मनू