यंदाचा नाताळचा गोठा पेंढ्याचा : सामान, हात आणि थोडे पैसे हवेत

धर्मग्रामातील सर्व कुटुंबांना युवक मंडळाचा नमस्कार.

गेल्या जानेवारीत तीन राजांचा सण झाला आणि आम्ही गोठा मोडला. थर्मोकोलचे डोंगर, प्लॅस्टिकचं गवत, चमकीचा बर्फ, सगळं देवळामागे रचून ठेवलं, उद्या उचलू म्हणून. रात्री वारा सुटला. सकाळी बघतो तर बावखलावर, म्हणजे आपल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, पांढरा थर. मासे धरायचं जाळं घेऊन उतरलो, पण थर्मोकोलचे दाणे भोकांतून निसटत होते. शेवटी एक जुनी ओढणी दोन काठ्यांना बांधली आणि चार दिवस पाणी गाळत बसलो. बावखल भरलं तर विहिरीला गोडं पाणी, हे वसईत कुणाला सांगायला नको. हिरव्या वसईसाठी आपले आईबाप रस्त्यावर उतरले आणि आम्ही त्याच पाण्यात नाताळचा कचरा सोडला. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हेही आम्हाला ठाऊक होतं. चूक मंडळाचीच.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गोठा मांडला, तेव्हा गव्हाणीत सुकं गवत होतं आणि शेजारी खरा बैल, खरं गाढव. गाढव आम्ही मागत नाही. बाकीचं मात्र तुमच्या वाडीत आहे.

भात झोडून झालंय, तेव्हा दोन-चार पेंढ्या प्रत्येक घरून मिळाल्या तर छप्पर होईल. नारळाच्या झावळ्या पडल्या असतील तर जाळू नका, आमच्यासाठी ठेवा. डोंगरांसाठी जुनी गोणपाटं हवीत, ती मातीच्या काल्यात बुडवून बांबूच्या सांगाड्यावर टाकली की हवा तसा डोंगर वळतो. हिरवळीसाठी नाचणी. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, मूठ मूठ बी देऊ, ते १२ डिसेंबरच्या सुमारास परातीत मातीवर पेरा आणि रोज पाणी शिंपडा. २४ तारखेपर्यंत बोटभर वर येतं. परात २४ला सकाळी आणून द्या.

पैसे लागतील ते बांबू, सुतळी, चांदण्यांसाठी पतंगाचा कागद आणि मूर्तींच्या दुरुस्तीसाठी. योसेफाचा उजवा हात मोडलाय, एका मेंढीला कान नाही. बाजारात नवा संच मिळतो, पण आम्ही जुनाच सांधून रंगवणार. रोख रक्कम मिस्सेनंतर देवळाच्या कार्यालयात खजिनदाराकडे द्या आणि पावती मागून घ्या. हिशेब जानेवारीत फलकावर लावू.

आजी-आजोबांना खास विनंती. कामट्या बांधून, मैद्याची खळ लावून चांदणी करायची कला तुमच्या हातात आहे, आमच्यातल्या एकालाही ती धड जमत नाही. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, शनिवारी संध्याकाळी येऊन शिकवाल का? चहा आमच्याकडून. घरी माळ्यावर गेल्या वर्षीची चांदणी असेल तर तीच पुसून लावा.

झाडासाठी किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या तोडू नका, ती झाडं वाळू धरून ठेवतात. प्लॅस्टिकचं झाड घरात असेल तर तेच वापरा, टाकून नवं आणण्यात काय अर्थ? आणि ३१ तारखेला मुलं सरत्या वर्षाचा म्हातारा म्हणून पुतळा जाळतात, त्याच्या पोटात पेंढाच भरा. टायर आणि पिशव्यांचा धूर गेल्या वर्षी अख्ख्या आळीने खाल्लाय.

सण संपल्यावर पेंढा ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना देऊ, बांबू वेलांच्या मांडवाला. कुणाला हवे असतील त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर केक केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिळेल. पानं देणारी चार-पाच घरं पुढे आली तर भागेल. कॉफीसाठी घरून आपापला पेला आणा. पेल्यावर नाव कोरलेलं असलं तर बरं, सहलीनंतरचे तीन पेले अजून कार्यालयात मालकाची वाट बघतायत.