न्यूस्टेडच्या भिंतीखाली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजात आपण दोघं एकाच पुस्तकातून इंग्रज कवी बायरन वाचायचो, आठवतं? परवा नॉटिंगहॅमजवळ त्याच्या घरी, न्यूस्टेड ॲबीला जाऊन आलो. तेव्हापासून तुला कधी एकदा लिहितो असं झालंय.

समोर गेलं की नजर आधी घरावर जातच नाही. दिसते ती जुन्या चर्चची पश्चिमेकडची भिंत. नुसती भिंत! मागे छप्पर नाही, काही नाही. मधल्या भल्यामोठ्या खिडकीत काचेचा तुकडा नाही, आरपार आभाळ. आणि तिला खेटूनच घर. बाराव्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीने इथे मठ स्थापला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद झाला आणि पुढच्याच वर्षी कवीचा पूर्वज सर जॉन बायरनने घेतला. चर्च मोडलं, मठाचं घर केलं. मधला चौक आणि त्याभोवतीच्या ओवऱ्या मात्र राहिल्या. त्या थंडगार दगडी ओवऱ्यांतून मी दोनदा फिरलो.

कवीच्या वाट्याला हे सगळं 1798 मध्ये आलं, तेव्हा तो दहा वर्षांचा. घर मोडकळीला आलेलं, वर कर्ज. तरी 1808 मध्ये तो इथे राहायला आला. त्याच वर्षी त्याचा लाडका कुत्रा बोट्सवेन पिसाळून मेला. त्याची समाधी बागेत आहे, चांगली ऐसपैस. मलाही इथेच पुरा, असं बायरनने 1811 मध्ये मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते झालं नाही. तो जवळच हकनॉलच्या चर्चमध्ये आहे. फार वाईट वाटलं मला.

कर्जापायी 1817 मध्ये घर विकावं लागलं. शाळासोबती टॉमस वाइल्डमनने 94,500 पौंडांना घेतलं आणि मन लावून दुरुस्तही केलं. बायरन तोवर इंग्लंड सोडून गेला होता, तो परतलाच नाही. पण त्याच्या ‘डॉन जुआन’ या दीर्घकाव्याचा 13 वा सर्ग काढून बघ. तिथे इटलीत बसून त्याने हेच घर पुन्हा उभं केलंय, फक्त नाव बदलून. बिनकाचेची खिडकी, चित्रविचित्र तोंडांचं कारंजं, पडून गेलेले बारा संत, आणि उंच कोनाड्यात एकटी वाचलेली, बाळाला घेतलेली मेरी.

मी मोबाइलवर त्या ओळी काढून भिंतीखाली उभा राहिलो आणि मान वर करून तिला शोधलं. आहे रे ती, अजून तिथेच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ये. ते पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? येताना घेऊन ये.

तुझाच,
जुना बाकमित्र