हार्टलपूलची ती युद्धनौका आपल्या मुंबईची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजांच्या जुन्या शिडाच्या युद्धनौका म्हटलं की सगळे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजाबद्दलच बोलतात. पण व्हिक्टरी कधीची ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत उभी आहे, पाण्यावर अजून तरंगणारी सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणजे इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरातली एचएमएस त्रिंकोमाली, आणि ती बांधली आपल्या मुंबईच्या गोदीत! हे इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिच्या बांधणीचे नकाशे १८१२ मध्ये जावा नावाच्या जहाजातून निघाले होते, ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाचा पाडाव केला आणि नकाशेही गेले, मग इंग्लंडहून पुन्हा नवे पाठवावे लागले, त्यात काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार जमशेटजी बोमनजी वाडियांनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात जहाजांसाठी लागणाऱ्या ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता आणि आपल्याकडे मलबारचा साग होता. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागाच्या अंगात तेल असतं त्यामुळे लाकूडही टिकतं आणि लोखंडही.

पुढे मात्र तिचे हालच झाले. इंग्लंडला पोचेपर्यंत युद्ध संपलेलं, मग कित्येक वर्षं नुसती पडून, नंतर वेस्ट इंडीज आणि पॅसिफिकच्या फेऱ्या, मग ट्रेनिंग शिप, आणि १८९७ मध्ये चक्क भंगारात विक्री. कॉब नावाच्या गृहस्थांनी विकत घेतली म्हणून वाचली, त्यांनी तिला फुद्रोयां हे नाव दिलं. १९८७ मध्ये ती दुरुस्तीसाठी हार्टलपूलला आली, १९९२ ला मूळ नाव परत मिळालं आणि २००१ पर्यंत काम चाललं. तरीही बरंचसं मूळ सागवान अजून जागच्या जागी आहे.

वाडियांचं नाव निदान इतिहासात राहिलं, पण ज्या सुतारांनी, लोहारांनी, लाकूड चिरणाऱ्यांनी ती उभी केली त्यांची आठवण कोण काढतं? मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटवरून रोज हजारो लोक जातात, तिथे या जहाजाचं चित्र आणि चार ओळींचा मराठी फलक ठळक दिसेल असा लावावा ही नौदलाला आणि महापालिकेला विनंती. आणि तुम्ही रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या गोदीवर एक सविस्तर लेख छापा, फोटोंसकट.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई