बोलता कित्याक?

देवगड, २२ मे

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुला बंगल्याबाहेर लाईव्ह करताना पाहिलं. आत बैठक, दार बंद, आणि तू नऊ मिनिटं बोलत होतीस. आजी म्हणाली, "चेडवाक आतला काय म्हायत नाय, मगे बोलता कित्याक?" मी हसलो खरा, पण रात्री झोप लागेना. तीस वर्षं मीही तेच करून आलोय.

सुरुवातीला नागपूर अधिवेशनाची बातमी म्हणजे टेप. विमानतळावर मुंबईच्या कुणा प्रवाशाला गळ घालून ती त्याच्या हाती द्यायची, पलीकडे आपला माणूस घ्यायला उभा. तेवढ्या तासांत दोन फोन व्हायचे, चुकलेली ओळ डेस्कला सांगून कापता यायची. जागेवरूनच थेट प्रक्षेपण करणारी ओबी व्हॅन आली आणि ती सवड गेली. आता तर पाठीवरच्या बॅगेतून थेट. (आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली निघालं तेव्हा पाक्षिक होतं. काय सुख!)

२२ नोव्हेंबर २०१९ ची रात्र. तू बारावीत होतीस. मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर सहमती झाल्याचं शरद पवारांनी बैठकीनंतर सांगितलं. मी कॅमेऱ्यासमोर "पवार सांगतायत" हे दोन शब्द गाळले आणि "ठरलं" म्हणून मोकळा झालो. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी. मी दात घासत होतो. पुढे २८ तारखेला शिवाजी पार्कवर ठाकरेंनीच शपथ घेतली, तेव्हा डेस्कवरची पोरं म्हणाली, बघा, तुमचंच खरं झालं. छे! खरं कसलं, मटका लागला होता.

कानात कुणी "बोलत राहा" म्हणून ओरडत असेल तेव्हा दिसतंय तेवढं सांग. कुणाची गाडी आली, कोण अजून फिरकलं नाही. आणि ड्रायव्हरांशी ओळख ठेव. ते गाडीला टेकून उभे असले तर बैठक उठायला आली. जेवायला पांगले की तूही खाऊन घे. मला कित्येक मंत्र्यांपेक्षा त्यांनीच जास्त बातम्या दिल्या.

हापूसची शेवटची पेटी कालच्या गाडीने पाठवलीय, उरलेला कॅनिंगला गेला. कॅमेरामनलाही दे, तो तुझ्याइतकाच उभा असतो.

आजी म्हणते, केस बांधून उभी राहा, वाऱ्याने तोंडात जातात.

तुझा,
बाबा